डोळे मिटा, मामा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात सोमवारी हमखास गर्दी असते. रविवारी पाहुणे येतात, जेवायला बसल्यावर कोणीतरी विचारतं, "तोंडाला काय झालंय गं तुझ्या?" आणि शनिवारपर्यंत चालून जाणारं दुखणं सोमवारी सकाळी माझ्या दारात उभं राहतं. मांडीवरचा चट्टा माणूस दोन-दोन वर्षं अंगावर काढतो. तोंडावरचा झाकायचा कुठं?

सप्टेंबरातला असाच एक सोमवार. पहिलीच आली ती सात वर्षांच्या मुलाला घेऊन एक आई, रात्रभर रडून डोळे सुजलेली. मुलाच्या दोन्ही गालांवर फिकट डाग होते आणि शेजारणीनं 'कोड आहे' म्हणून सांगितलेलं. मी त्याला खिडकीच्या उजेडात नेलं, डागावरून बोट फिरवलं. पिठासारखी बारीक खपली हाताला लागली आणि डाग नेमका कुठं संपतो ते सांगता येत नव्हतं. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, त्याची कड ठसठशीत आणि वरची कातडी गुळगुळीत. मुलाचा होता तो इसबाचाच एक गरीब प्रकार, कोरड्या कातडीच्या मुलांना होणारा. जंताचं औषध देऊन झालं होतं, कॅल्शियमची बाटली देऊन झाली होती. दोन्हींचा इथं काही संबंध नाही. "कोड नाही ना, नक्की?" असं चार वेळा विचारून बाई गेली.

मग शिरोलीच्या कारखान्यातला एक दाढीवाला तरुण. नाकपुड्यांच्या बाजूला, भुवयांत, दाढीच्या मुळाशी तेलकट पिवळसर खपल्या. त्याला वाटत होतं तोंड कोरडं पडलंय, म्हणून तो रोज खोबरेल चोपडत होता. तो होता डोक्यातला कोंडाच, चेहऱ्यावर उतरलेला. कातडीवरच्या तेलावर जगणारी एक बुरशी त्यामागे असते आणि तेल लावलं की तिला मेजवानीच.

आपल्याकडं तोंडावर काहीही उठलं की ते एकतर 'उष्णता' असतं नाहीतर 'अ‍ॅलर्जी'. पण तोंडावरचा इसब एकच नसतो आणि कोण कुठला, हे बऱ्याचदा जागेवरून कळतं. हे मी विद्यार्थ्यांना मोठ्या तोऱ्यात शिकवलेलं आहे. म्हणूनच त्या दिवशीची पुढची गोष्ट सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं.

साडेअकराच्या सुमाराला करवीर तालुक्यातले एक ऊसकरी मामा आत आले. वय पंचावन्नच्या आसपास, सोबत मामी. ही त्यांची तिसरी खेप. पहिल्यांदा ते एप्रिलमध्ये आले होते. शेतकरी माणूस, उघडं तोंड, काळवंडलेलं कपाळ आणि गाल, 'उनात गेलं की वाढतंय' ही त्यांचीच तक्रार. मी पाच मिनिटांत उन्हाचा इसब लिहून मोकळी झाले होते. सनस्क्रीन, सौम्य मलम, डोक्याला टोपी, तोंडाला टॉवेल. जूनमध्ये आले तेव्हा थोडं बरं होतं, मी तेच पुढं चालू ठेवलं.

आता समोर बसलेला चेहरा बरा नव्हता. कपाळाची कातडी जाड होऊन तिच्यात सऱ्या पाडल्यासारख्या आडव्या रेघा उमटल्या होत्या. कानाच्या पाळ्या जाड, भुवया बाहेरच्या बाजूनं विरळ. पुस्तकांतल्या फोटोंत इसब लालभडक दिसतो, कारण ते फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. आपल्या रंगावर ती लाली जांभळट, तपकिरी, कधी राखाडी होऊन बसते आणि लोक म्हणतात, 'काळा पडलाय नुसता.' मामा नुसते काळे पडले नव्हते. गालावर ओरखडे होते, कानाजवळ लस सुकून मधासारखी खपली धरली होती.

"डाक्टरबाई, उघड्या तोंडानं उनात तर आता जातच न्हाई मी. तरी वाढालंय. रातच्याला आग लागल्यागत होतंय."

मामी इतका वेळ गप्प होत्या. मामा खुर्चीतून उठून तपासणीच्या टेबलाकडं गेले तेव्हा त्या माझ्याकडं झुकून हळूच म्हणाल्या, "गावात लोक वेगळंच बोलालेत. हॉटेलात ह्यांना चहा कागदाच्या कपात देत्यात. बाकीच्यास्नी काचेच्या ग्लासात."

काय बोलत असतील ते मला विचारावं लागलं नाही. जाडावलेलं कपाळ, जाड कानाच्या पाळ्या, गेलेल्या भुवया: कुष्ठरोगाचा चेहराही असाच दिसू शकतो आणि त्या एका शब्दापुढं गावात अजूनही माणूस उभा राहत नाही. मी कापसाची वात करून गालावर, हातांवर टेकवत गेले, मामा प्रत्येक वेळी 'हां' म्हणाले. कुष्ठरोगात जाडावू शकते ती कोपरामागची नस चाचपली, जाड नव्हती. शिवाय कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, बधिर असतो. मामांच्या तर भुवयाच खाजवून चोळून गेल्या होत्या. खाज नसेल तर मी इसब म्हणायला धजत नाही. इथं खाजेनं माणूस रात्री उठून बसत होता.

पण मग तोंडाला ऊन न लागता हे वाढलं कसं?

"डोळे मिटा, मामा."

त्यांना वाटलं मी काहीतरी टोचणार आहे. त्यांनी घट्ट मिटले. "सैल मिटा, झोपल्यासारखे." तसे मिटले आणि माझ्या पोटात कालवलं. दोन्ही वरच्या पापण्या घडीच्या तळापर्यंत सुजलेल्या, खरखरीत, खपल्यांनी भरलेल्या. मान वर करायला लावली: हनुवटीखाली तेच. कान पुढं दुमडला: मागच्या खाचेत भेग. बाह्या वर केल्या: कोपराच्या खळीत काळा जाड पट्टा.

ऊन वरून येतं. ते कपाळावर, गालांच्या उंचवट्यावर, नाकाच्या शेंड्यावर पडतं. पापणीची घडी, हनुवटीखालची सावली, कानामागची खाच इथं ते पोचत नाही आणि उन्हाचा इसब साधारणपणे एवढ्या जागा सोडून देतो. हवेतून उडत येणारी वस्तू मात्र सोडत नाही. ती उलट अशा घड्यांमध्येच जाऊन साचते. पापणीची कातडी तर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, सगळ्यात आधी तीच बोलते. तीन खेपा मामा माझ्याशी डोळे उघडे ठेवून बोलत होते आणि मी उघड्या डोळ्यांनी चुकत होते.

"बांधावर काय आहे, मामा?"

"काय असणार? उसाच्या कडंनं सगळं काँग्रेस माजलंय पावसानं."

काँग्रेस गवत, गाजर गवत, चटक चांदणी. पानं गाजरासारखी, पांढरी बारीक फुलं. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं पुण्यात ते 1955 च्या सुमारास नजरेत आलं आणि मग रस्त्याच्या कडेपासून शाळेच्या मैदानापर्यंत त्यानं कुठलीच जागा सोडली नाही. त्याच्या पानांवरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या झाडाचा चुरा, केस, परागकण वाऱ्यावर येतात आणि ज्याच्या शरीरानं त्याच्याशी एकदा वैर धरलं, त्याचा चेहरा पेटतो.

मामींना हे पटेना. "मी रोज भांगलायला जातोय की. माझ्या हातानं उपटतोय. मला कसं काय हुईना?" अगदी बरोबर प्रश्न. हे विष नव्हे की सगळ्यांनाच बाधेल. कोणाच्या शरीराला ते खुपेल हे आधी सांगता येत नाही आणि खुपायला लागायच्या आधी तीस वर्षं बिनतक्रार गेलेलीही असू शकतात. इसब मामांकडून मामींना लागणार नाही, हेही मी तेव्हाच दोनदा सांगितलं.

शेवटची गोष्ट टॉवेलची. मी सांगितल्यापासून मामा तोंडाला टॉवेल गुंडाळूनच शेतात जात होते. "धुऊन वाळत कुठं घालता?" "पाण्याच्या मोटारीपाशी. बांधावर टाकला की दुपारपर्यंत खडखडीत." म्हणजे फुलोऱ्यात आलेल्या काँग्रेसवर पसरलेला टॉवेल ते रोज पापण्यांपर्यंत आवळून बांधत होते, माझ्या सांगण्यावरून. मी त्यांना तसं सांगितलं. मामा हसले, मला काही हसू आलं नाही.

पिशवीत आणखी एक ट्यूब निघाली, कुठल्याशा दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली. लावली की आठ दिवस झकास, सोडली की दुप्पट. जोरदार स्टिरॉइड. 2018 मध्ये अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारनं ठरवलं, तरी ती मिळतात. चेहऱ्यावर ती महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नसलेल्या जागी लव येते आणि मूळ आजाराचं रूपच पुसलं जातं. त्याच दिवशी दुपारी एक कॉलेजची मुलगी असलीच ट्यूब 'गोरं व्हायला' म्हणून वापरून आली होती, गाल भाजल्यासारखे लाल. तिच्यावर वेगळं लिहावं लागेल.

मामांचा भडका आधी शांत केला आणि काही आठवड्यांनी पाठ स्वच्छ असताना पॅच टेस्ट लावली. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवायचे, 48 तासांनी काढायचे, पुन्हा दोन दिवसांनी बघायचे. अट एकच, पाठीला पाणी लागता कामा नये. "दोन दिस आंघोळ न्हाई? देव कोण पुजणार?" यावर बराच खल झाला. शेवटी पूजा मामींकडं गेली. बुधवारी पट्टी काढली तर काँग्रेसच्या ठिपक्याखाली कातडी फुगून वर बारीक फोड आलेले. मामींनी मोबाईलवर फोटो काढून त्यांना दाखवला. मामा बराच वेळ बघत राहिले. "एवढंसं हाय की," म्हणाले.

उपचार हा या गोष्टीचा कमी रंगतदार भाग. सगळ्या तालुक्यातलं गवत काही उपटता येत नाही. बांध घरच्या इतरांनी फुलोऱ्याआधी साफ करायचा, मामांनी हात लावायचा नाही. शेतातून आल्यावर आधी आंघोळ, कपडे लगेच धुवायला. टॉवेल घरात दोरीवर. साबण बंद करून साधं मॉइश्चरायझर, पापण्यांना स्टिरॉइड नसलेलं मलम, आणि नुसत्या मलमांनी भागेना म्हणून शरीराचं हे वैर दाबणाऱ्या अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या, ठरावीक दिवसांनी रक्त तपासत. ऊनही पूर्ण निर्दोष सुटलं नाही, कारण जुन्या रुग्णांत पुढं उन्हाचाही त्रास जोडला जातो. त्यामुळं टोपी राहिली. दसऱ्याला दारात शेवंतीच्या माळा लावू का, असं मामींनी विचारलं. शेवंती त्याच कुळातली, काहींना तीही खुपते. आंब्याची पानं लावा म्हटलं.

दिवाळीनंतर पापण्या मऊ झाल्या, कपाळावरच्या सऱ्या उथळ झाल्या. पूर्ण बरे नाहीत, पावसाळ्यात परत थोडं उठणार हे त्यांना माहीत आहे. पण चहा अजून कागदी कपातच येत होता. मी लेटरहेडवर लिहून दिलं, की यांचा त्वचारोग संसर्गजन्य नाही, कुष्ठरोग नाही. खाली सही, शिक्का.

पुढच्या खेपेला मी चिठ्ठीचं विचारलं. हॉटेलात दाखवली का?

"न्हाई बाई," मामी म्हणाल्या. "ह्यांनी तिला लॅमिनेशन करून आणलंय. देव्हाऱ्याम्हागं ठेवलीया. हॉटेलातच जाईनात आता, चहा घरातच पित्यात."