विद्यापीठात जैवइंधन केंद्राचा आराखडा करताना: माझा अनुभव

आमचं विद्यापीठ विदर्भातलं, कापसाच्या पट्ट्यातलं. झाडापिकांपासून इंधन करण्यावर इथे एक संशोधन केंद्र असावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं, विभागात विषय काढला तर सगळे हो म्हणाले आणि प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या मसुद्यात निम्मी पानं मशीनचीच होती, जीसी आणि एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं), फर्मेंटर (आंबवण्याची टाकी), सगळ्यांची कोटेशन्स जोडलेली. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चाळून विचारलं, "मॅडम, यात टाकणार काय?" मी म्हटलं करंज, मोगली एरंड (जट्रोफा), शेतातला काडीकचरा, जे मिळेल ते. ते म्हणाले आधी तेवढं ठरवा, मग मशीनचं बघू. तेव्हा राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं.

मग खरं वाचन सुरू झालं. मोगली एरंडाची केवढी हवा होती आपल्याकडे, पडीक जमिनीवर येतो, पाणी लागत नाही, आणि 2009 च्या धोरणात तर 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट होतं, पण पडीक जमिनीवर झाड जगलं तरी बी पुरेसं आलंच नाही आणि बायोडिझेल कुठल्या कुठे राहिलं. करंज मला अजूनही आवडतो, बियांत साधारण 30 टक्के तेल, आणि झाड आपल्याच ओढ्याकाठचं. पण लावल्यावर बी धरायला चार-पाच वर्षं सहज जातात आणि आमचा प्रकल्प पाच वर्षांचा. म्हणून करंज छोट्या प्रयोगापुरता ठेवला.

राहिल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या काड्या. 2018 च्या जैवइंधन धोरणात कापसाच्या काड्यांचा उल्लेख आहेच, आणि खाण्याच्या धान्याशी त्यांची स्पर्धा नाही हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन झालं, क्षमता वर्षाला 2 लाख टन पेंढा आणि त्यातून 3 कोटी लिटर, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. पण पऱ्हाटी म्हणजे पेंढा नाही, ती लाकडासारखी, तिला टणक करणारं लिग्निन जास्त, त्यामुळे ज्याची साखर करून इथेनॉल बनवायचं त्या आतल्या सेल्युलोजपर्यंत ते तोडणारं एन्झाइम पोचायला आधीची प्रक्रिया वेगळी लागणार. इथे आमच्या केंद्राला स्वतःचं असं काम सापडलं.

तरी खरा धडा गावात मिळाला. आम्ही तिघं जण उन्हाळ्यात आठ-दहा गावं फिरलो, विचारलं पऱ्हाट्यांचं काय करता. कोणी चुलीला जळण म्हणून ठेवतं, कोणी बोंडअळीच्या भीतीने धुऱ्यावर जाळून टाकतं, कोणी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून मातीत मिसळतं. एक काका म्हणाले, "न्याले कोणी आलं तं देऊ मॅडम, पण पाऊस लागला का मंग काही कामाच्या नाही." हे एक वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. आणि ट्रॉली गच्च भरली तरी वजन काट्यावर किती कमी भरतं ते डोळ्यांनी बघितलं, म्हणजे आम्ही अर्धा पैसा नुसता हवा वाहून आणण्यात घालवणार होतो.

परत आल्यावर आराखडाच उलटा केला. आधी वजनकाटा, श्रेडर, ओलावा मोजायची सोय आणि पक्की शेड, मग प्रयोगशाळा. महागडी दोन मशीनं काढून टाकली, शेजारच्या विभागातली वापरू म्हटलं. इथेनॉल ठेवायला राज्य उत्पादन शुल्कचा परवाना लागतो, ज्वालाग्राही सॉल्व्हंटची खोली इमारतीपासून लांब हवी, हे मला कोणी सुरुवातीला सांगितलं नव्हतं, त्यात नकाशा दोनदा बदलला. ज्यांना असं केंद्र करायचंय त्यांनी परवान्यांची चौकशी नकाशाच्या आधी करा, आणि देखभाल आणि टेक्निशियनच्या पगाराचा रकाना कधीही रिकामा सोडू नका, निधी देणारे मशीनला पैसे देतात, माणसाला द्यायला फार का-कू करतात.

व्यवस्थापन परिषदेची मंजुरी तिसऱ्या बैठकीत मिळाली. शेड जोत्यापर्यंत आलीये. शेवटची वेचणी झाली की पहिल्या ट्रॉल्या येतील, अर्धा ढीग शेडमध्ये, अर्धा बाहेर ताडपत्रीखाली, आणि पूर्ण पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडचे नमुने घ्यायचे ठरलंय. पहिली ट्रॉली त्या काकांकडूनच येणार आहे.