नोटांची महागाई १९२३ ची, हिटलर १९३३ चा

आज सांगलीत अभ्यासिकेतल्या मुलांशी जर्मनीवर बोलणं झालं. ‘नोटा पोत्यानं झाल्या म्हणून हिटलर आला’ हे उत्तर सगळ्यांचं पाठ. मग मधली दहा वर्षं?

फ्रेंच-बेल्जियन सैन्यानं ताबा घेतलेल्या रूर या औद्योगिक भागातल्या संपकरी कामगारांचे पगार सरकारनं नोटा छापून भागवले. नोव्हेंबर १९२३ मध्ये एक डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांना! मध्यमवर्गाची शिल्लक बुडाली. पण त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, भाव थांबले. १९२८ ला नाझींना जेमतेम २.६ टक्के मतं.

खरा घाव पुढचा. १९२९ नंतर जर्मनीला मिळणारी अमेरिकेची अल्पमुदतीची कर्जं आटली. चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रुनिंगनं ऐन मंदीत पगार आणि बेकारभत्ते कापले, कर वाढवले. संसद अडली की राज्यघटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षांचा वटहुकूम. मला हे कलमच सगळ्यात घातक वाटतं, कारण संसदेला वळसा घालायची सवय हिटलरच्या आधीच लागली होती.

१९३२ मध्ये ६० लाख बेकार, जुलैत नाझी ३७.३ टक्के. नोव्हेंबरात ते ३३.१ वर घसरलेसुद्धा! तरी ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं हिटलरला चॅन्सेलर नेमलं. २३ मार्चला संसदेनं आपले अधिकार त्याच्या सरकारला दिले. विरोधात ९४ मतं, सगळी सोशल डेमोक्रॅट्सची. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं.