गव्हाला दोनदा गॅस दिला, त्याची गोष्ट

धान्यातली कीड मारायला गॅस दिला की सात दिवस नुसतं बसून राहायचं असतं. मला ते जमत नाही. पहिल्या खेपेला चौथ्या दिवशीच ताडपत्री उचलली आणि सगळी मेहनत पाण्यात घातली.

गहू होता दोनशे पोती, एकाच थप्पीत. शिवणीपाशी पीठ सांडलेलं दिसलं म्हणून चाळून पाहिलं, तर सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे निघाले आणि सोबत लालसर चपटे भुंगेरेही. आधी मॅलॅथिऑन हे कीटकनाशक पाण्यात कालवून भिंती, फरशी आणि पोती बाहेरून फवारली. सकाळी मेलेले किडे झाडूनं गोळा केले, बरं वाटलं. पण फवारा पोत्याच्या आत शिरत नाही, दाण्याच्या आत तर नाहीच. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. अळी आणि कोष दोन्ही आतच वाढतात, बाहेर पडतो तो थेट पुरता वाढलेला सोंडा. शिवाय माझ्या भिंतींना चुना दिलेला. चुन्यावर मॅलॅथिऑन फार दिवस टिकत नाही, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मग गॅसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. एक गोळी ३ ग्रॅमची, ओलाव्यानं फुटली की त्यातून १ ग्रॅम फॉस्फीन हा विषारी गॅस सुटतो. या गोळ्या स्वतः हाताळू नका, आणि माणसं झोपतात त्या जागेत किंवा तिला लागून असलेल्या खोलीत तर हा प्रकार अजिबात नको. मी शिकलेला माणूस बोलावला. त्यानं थप्पी झाकली, कडेनं वाळूच्या पिशव्या लावल्या आणि निघताना म्हणाला, "सात दिवस हात लावू नका."

चौथ्या दिवशी माल न्यायला गाडी येणार होती. ताडपत्रीच्या कडेला मेलेल्या सोंड्यांची रांग पडलेली. मला वाटलं, आता आणखी काय मरायचं राहिलंय? त्याच माणसाच्या मागे लागून ताडपत्री काढायला लावली. कपाळाला आठ्या घालत त्यानं काढली. काही पोती गाडीनं गेली, बाकीची राहिली. तीन आठवड्यांनी पोत्यात हात घातला तर गहू आतून कोमट लागला. कोमट लागला म्हणजे समजायचं, आत वस्ती आहे.

चूक साधी होती. फॉस्फीननं मोठे किडे आणि अळ्या लवकर मरतात, पण अंडी आणि कोष चिवट असतात. गॅस जास्त सोडून दिवस वाचत नाहीत. ठरलेले दिवस तो आत कोंडून राहिला पाहिजे, थंडी असेल तर आणखी जास्त. शिवाय अर्धवट गॅसातून वाचलेल्यांची पिढी गॅसला दाद न देणारी निघू शकते. म्हणजे माझी घाई पुढच्यालाही भोवली असती.

दुसऱ्या खेपेला गॅस मोजायचा मीटर लावायला सांगितला. ताडपत्रीखालून बारीक नळी बाहेर काढलेली, तिच्यावर आकडा बघायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६०० पीपीएमच्या पुढे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे इतके भाग. तिसऱ्या दिवशी सकाळी १४०. मी चिडलो, गोळ्यांवरच संशय घेतला. तो माणूस काही न बोलता थप्पीभोवती फिरू लागला, मीटर जमिनीलगत धरून. मागच्या कोपऱ्यात थांबला. तिथे ताडपत्रीची घडी पडली होती आणि तिच्याखाली सुतळीचा एक तुकडा, बोटाएवढा. वाळूची पिशवी त्या सुतळीवर टेकलेली, म्हणून खाली फट. त्या फटीतून गॅस रात्रभर वाहत होता. सुतळी काढली, घडी सरळ केली, पिशव्या दुहेरी लावल्या, गोळ्या पुन्हा ठेवल्या आणि दिवस परत एकपासून मोजायचे ठरले. ते ऐकून मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वासावर विसंबू नका, हे मध्येच सांगून टाकतो. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण वास नाही म्हणजे गॅस नाही असं नसतं. कामाच्या जागी दिवसभरासाठी ०.३ पीपीएम इतकीच मर्यादा धरतात. म्हणून ताडपत्री काढल्यावरही मीटर शून्य दाखवेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

पुढच्या सात दिवसांत मी तिकडे फिरकलोच नाही. किल्ली दुसऱ्याकडे देऊन टाकली, तोच काय तो शहाणपणा.

आणि हो, हा गॅस तांब्याला खातो. माझा एक स्विचबोर्ड पहिल्याच खेपेला काळा पडला. गॅस निघून गेला की धान्यावर संरक्षण म्हणून काही उरत नाही, त्यामुळे नंतर भिंती आणि फरशीवर डेल्टामेथ्रिन हे दुसरं कीटकनाशक मारलं. थप्पी भिंतीपासून लांब, फळ्यांवर रचली. गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर आधी वाळवा, नाहीतर पुन्हा हेच.

तीन वेगवेगळ्या पोत्यांतला गहू एका काचेच्या बरणीत भरला, तोंडाला फडकं बांधलं. उबेत सोंड्याची एक पिढी महिन्याभरात बाहेर येते. बरणी टेबलावर आहे, आज एक्केचाळिसावा दिवस. रोज सकाळी हलवून बघतो. तळाला थोडी धूळ, बाकी काही नाही.