फिबी सेविका

गुरुवार, रात्री

सोमवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. येत्या रविवारी ते मुंबईला सभेला जाणार, तेव्हा उपासनेत संदेश मी द्यावा. मी हो म्हणून मोकळी झाले. पंचवीस-तीस माणसांची आमची मंडळी, त्यातली निम्मी नात्यातली, कोण काय म्हणणार!

मंगळवारी संध्याकाळी मंडळीतले एक वडील घरी आले. वयानेही वडील, पदानेही. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरी, साक्ष दे, उपदेश नको. तीमथ्याला पहिलं पत्र, दोन-बारा."

म्हणजे प्रेषित पौलाचं ते वचन, स्त्रीला मी शिकवू देत नाही. राग आला, तो चहाबरोबर गिळला. माझ्या लग्नात पेटीवर हेच काका होते. त्यांच्यापुढे जीभ चालवणं जमत नाही.

मग दोन रात्री बायबलमधल्या पुढे होऊन बोलणाऱ्या बायकांची वचनं गोळा केली. इस्राएलाचा न्याय करणारी दबोरा. नियमशास्त्राचा ग्रंथ सापडल्यावर योशीया राजाने जिच्याकडे माणसं धाडली ती हुल्दा. देवाचा संदेश सांगणाऱ्या फिलिप्पाच्या चार मुली. अक्विलासोबत अपुल्लोसाला घरी नेऊन नीट समजावून सांगणारी प्रिस्किल्ला. रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा शिष्यांकडे नेणारी मग्दालिया मरीया. वहीचं पान भरलं आणि माझं मलाच हसू आलं. हे वाचन कुठलं, ही तर कोर्टाच्या तारखेची तयारी. काकांनी एक वचन उचललं, मी दहा. रीत तीच.

म्हणून आज नको असलेल्या वचनापासूनच सुरुवात केली. अकरापासून वाचलं. बाराव्या वचनापर्यंत पोचायची घाई असली की अकरावं सुटतं. तिथे पौल म्हणतो, स्त्रीने शिकावं. शांतपणे, अधीनतेने, हे आहेच. पण शिकावं ही आज्ञा आहे. बाराव्यात तो म्हणतो, मी शिकवू देत नाही आणि पुरुषावर अधिकार चालवू देत नाही. इथे अधिकारासाठी आलेला ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दुसरीकडे कुठेही नाही, त्यामुळे त्याची नेमकी छटा कोणती यावर पंडितांचं अजून एकमत नाही. तीमथ्य तेव्हा इफिसात होता, आणि भलतंच शिकवणाऱ्यांना आवर घाल, हे पौलाने पत्राच्या सुरुवातीलाच बजावलं होतं.

इथवर मला बरं वाटत होतं. पण तेरावं वचन आलं, आधी आदाम घडवला गेला, मग हव्वा. म्हणजे पौल नुसतं इफिसापुरतं बोलत नाही, पार उत्पत्तीपर्यंत मागे जातो. 'ते त्या काळापुरतं होतं' असं म्हणून हे पान उलटता येत नाही. काका जिथे उभे आहेत तिथे जमीन आहे, हे मला कबूल करावं लागलं.

मात्र त्याच पौलाने करिंथकरांना लिहिलं आहे की स्त्रीने प्रार्थना करताना किंवा देवाचा संदेश सांगताना डोकं झाकावं. अकरावा अध्याय, पाचवं वचन. डोकं झाकून का होईना, बोलत होत्याच की! तीन अध्यायांनंतर तोच म्हणतो, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. एकाच पत्रात दोन्ही. काही जुन्या हस्तलिखितांत ही गप्प राहण्याची दोन वचनं अध्यायाच्या शेवटी, चाळिसाव्यानंतर येतात. कुणी त्यावरून म्हणतात, ती मागाहून घुसली. मला तेवढी उडी घेववत नाही. गैरसोयीचं वचन खोडायला लागले तर उद्या गलतीकरांचं तीन-अठ्ठावीस, ख्रिस्तात पुरुष-स्त्री हा भेद नाही, हेही कुणीतरी खोडेल.

शुक्रवार

अंगणवाडीत आज वजनं घ्यायची होती. काट्यावर एक पोर चढेना, दुसरं उतरेना. पोषण ट्रॅकरच्या अॅपला रेंज नाही. मदतनीस बाई रजेवर, म्हणजे खिचडीही माझ्याकडेच. दुपारी रजिस्टर भरताना रकान्यात सवयीने लिहिलं, 'सेविकेची सही'. हात तिथेच थांबला.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी. लहानपणापासून ऐकते आहे, आणि दर वेळी डोळ्यांपुढे झाडू घेतलेली, चटया झटकणारी एखादी बाई येते. सेविका या शब्दाला आपल्याकडे मानधन असतं, पगार नसतो. पण पौलाचा मूळ ग्रीक शब्द डायकोनोस. तोच तो स्वतःसाठी वापरतो. एक पान मागे, पंधराव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, तोच ख्रिस्तासाठी आहे. त्या वचनातला सेवक वाचताना चटया आठवत नाहीत. पुढच्या वचनात पौल सांगतो की तिने पुष्कळांना आणि मलाही आधार दिला. तिथला शब्द पाठीराखीचा, ऐपत आणि वजन असलेल्या बाईचा.

किंख्रिया म्हणजे करिंथचं बंदर. हे कळल्यापासून फिबीला चेहरा आला आहे. हर्णैच्या लिलावात उभी राहिलेली बाई मी पाहिली आहे. गुडघाभर पाण्यात, मागे सुवर्णदुर्ग, हातात नोटांची घडी. टोपलीतल्या सुरमईकडे एक नजर टाकते आणि भाव बोलते, मग आजूबाजूचे पुरुष आपला आकडा मनातल्या मनात बदलतात. रोमकरांस लिहिलेलं पत्र घेऊन समुद्रापलीकडे गेली ती फिबीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वाटेत ते भिजलं असतं तर? (आमच्याकडे पावसाळ्यात शिधापत्रिकासुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.)

यावरून ती उपदेश करत होती असं सिद्ध होतं का? नाही. डायकोनोसला तेव्हा आजच्यासारखं ठरलेलं पद होतं का, हेही खात्रीने सांगता येत नाही. पण तिची ओळख करून देताना पौल संकोचत नाही, एवढं मला दिसतं.

शनिवार

सकाळी काका बाजारात भेटले. मी पंडिता रमाबाईंचं नाव काढलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल त्यांनी मराठीत आणलं, १९२२ साली जाईपर्यंत त्याच कामात होत्या. १९०५ साली केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण झालं ते मुलींच्या प्रार्थनांतून. आणि आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्तावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं टाकून १९१९ साली गेले, ते पुरं कुणी केलं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.

"त्यांची गोष्ट वेगळी," काका म्हणाले. २०१३ साली दक्षिण भारतातल्या चर्चने पुष्पा ललितांना बिशप केलं, तेही सांगितलं. "ते तिकडे." पण मग थोडं थांबून, कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत म्हणाले, "शब्बाथशाळेत तू शिकवतेसच की. त्याला कुठे कोण नाही म्हणतं?"

शिकवते. माझ्या वर्गातला पोरगा बारा वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी त्याला मिसरूड फुटली की माझं तोंड बंद? हे मी बोलले नाही. बाजारात बोलायची गोष्ट नव्हती.

मला काय वाटतं ते इथे लिहून ठेवते. उभं राहून बोलावं असं वाटतं. पौलाला ते चालत होतं असंही वाटतं, पण दोन-तेराची गाठ माझ्याकडून सुटलेली नाही. ती सुटल्यासारखं दाखवणार नाही. उद्या संदेश सोळाव्या अध्यायावरच देणार, आणि त्यातली नावं एकेक करून वाचणार. फिबी, प्रिस्का (म्हणजे प्रिस्किल्लाच), मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. व्यासपीठावरून की खाली वाचनाच्या टेबलापाशी उभं राहून, ते अजून ठरत नाही.

नऊ वाजता लाइट गेली. टॉर्च लावून बसले होते तेवढ्यात फोन. काका.

"मला पटलेलं नाही, ते जाऊ दे. गीतांचे नंबर सांग. पेटी काढली आहे, दोन सूर चिकटतायत."

तीन नंबर सांगितले. तिसऱ्याला म्हणाले, "हे काळी चारच्या पट्टीत घे, बायकांना वर जात नाही."