शिट्टी वाजवा, ताई

दर मे महिन्यात मी बँकेतून रजा टाकते आणि सांगलीजवळच्या आमच्या गावी शाळेच्या मैदानावर मुलांना खो-खो शिकवते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. एरवी मुली जमवायला मला घरोघरी फिरावं लागायचं. त्या मे महिन्यात मुलीच जास्त आल्या.

त्यातली एक अकरा वर्षांची. पळायला अशी चपळ, की हूल देऊन खांबाला गिरकी घेतली की मागची पुढेच निघून जायची. पण आक्रमणाला उठली की अडायची. खो देताना हात आणि आवाज एकदमच हवा, आणि आवाज पंचाला स्पष्ट ऐकू यायला हवा. हिचा हात पाठीवर पडायचा, मान ताठ व्हायची, आवाज नाही. पहिल्या दिवशी मी पाच फाऊल दिले. "लाजतेस काय? ओरड की मोठ्यानं!" असंही सगळ्यांसमोर म्हणाले. ती बोलताना अडखळते, हे संध्याकाळी तिच्या आजीकडून कळलं. ते माझं वाक्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "तू नुसता हात लाव, मी खो धरीन." तिनं मान हलवली, नाही म्हणून. पुढचं बोलायला तिला वेळ लागला. मी थांबले.

"ता... ताई, फाऊल झाला तर शिट्टी वाजवा."

तिसऱ्या दिवशी मुलींचा आवाज मोकळा व्हावा म्हणून चौकोनात बसलेल्या आठही जणींना एकदम खो ओरडायला लावलं. मी तिच्याच मागे उभी होते. तिचा खो साफ आला! पुन्हा ओरडायला लावलं, पुन्हा आला. सगळ्यांच्या आवाजात ती अडत नव्हती. मग तोच सराव धरला: आधी आठ जणी, मग चौघी, मग ती आणि तिची मैत्रीण, मग ती एकटी. एकटीचे दहातले चार-पाचच साधायचे.

शेवटच्या दिवशी सामना, ७ मिनिटांची पाळी, पंच मीच. ती उठली, चार पावलं धावली, पुढचीच्या पाठीवर हात टेकवला. मान ताठ. आवाज नाही.

पोटात कालवलं, पण मी शिट्टी मारली.

फाऊल झाला की उलट दिशेनं जावं लागतं. ती क्षणभरही रेंगाळली नाही. तशीच मागे वळली, खांबाला वळसा घालून पलीकडच्या बाजूनं आली, तिसऱ्या चौकोनामागे पोचली आणि "खो!" कुंपणाबाहेर बसलेल्या आज्यांनी माना वळवल्या. बसलेली मुलगी सुटली आणि दोन पावलांत पळणारीला हात लागला.

गडी बाद झाला की पंचानं लगेच शिट्टी मारायची असते. मला जरा उशीर झाला.