लेव्हल वन, लेव्हल टू, लेव्हल थ्री: बिनसाहेबाच्या कंपनीचा माझा अनुभव

आमच्या कंपनीत कुणी कुणाचा साहेब नाही. आत त्याचा फारसा त्रास कधी झाला नाही. छळ मांडला तो एका मोठ्या ग्राहकाच्या पर्चेस डिपार्टमेंटच्या फॉर्मने. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. नवी कंपनी काढताय आणि उतरंड नको असं मनात आहे, तर हे आधी वाचा.

सुरुवातीचं थोडक्यात उरकते. आम्ही सॉफ्टवेअरचं काम करणारी मोजकी माणसं. मॅनेजर नेमायचे नाहीत हे ठरवताना वाचन बरंच केलं होतं. कॅलिफोर्नियात मॉर्निंग स्टार नावाची टोमॅटोवर प्रक्रिया करणारी कंपनी आहे. तिथे बॉस नाहीत, पण ज्यांच्याशी काम पडतं त्या सहकाऱ्यांशी प्रत्येक जण लेखी करार करतो: मी काय करणार आणि ते नीट झालं की नाही हे कशावरून ठरवायचं. ही कल्पना आम्ही जवळपास तशीच उचलली. त्याला सल्ल्याची पद्धत जोडली. निर्णय कुणीही घ्यावा, पण त्याची झळ ज्यांना बसणार आणि त्यातलं ज्यांना कळतं, त्यांना आधी विचारलंच पाहिजे. सल्ला मानायची सक्ती नाही, विचारायची आहे. हॉलॅक्रसी, म्हणजे साहेबांऐवजी लेखी नियमांनी बांधलेल्या वर्तुळांतून काम चालवायची पद्धत, तिच्या वाटेला गेलो नाही. झॅपॉस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने ती स्वीकारली आणि २०१५ साली ‘पटत नसेल तर पैसे घ्या आणि बाहेर पडा’ असं सांगितल्यावर सुमारे १४ टक्के लोक बाहेर पडले. सगळेच काही त्या पद्धतीला वैतागून गेले नसतील. पण तिची ती जाडजूड नियमावली पाहूनच आमचा उत्साह मावळला.

मग मोठं काम मिळालं आणि व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला. त्यात एस्कलेशन मॅट्रिक्स, म्हणजे अडचण आली तर आधी कुणाला आणि मग त्याच्या वर कुणाला गाठायचं याचा तक्ता: लेव्हल वन, लेव्हल टू, लेव्हल थ्री. प्रत्येकाचं नाव, फोन, डेजिग्नेशन आणि ‘रिपोर्टिंग टू’. तिन्ही नावं वेगळी हवीत आणि डेजिग्नेशन चढत्या क्रमाने. डेजिग्नेशनची यादी त्यांचीच: एक्झिक्युटिव्ह, मॅनेजर, सीनियर मॅनेजर, हेड, डायरेक्टर. ‘लागू नाही’ हा पर्यायच नाही. ‘रिपोर्टिंग टू’ रिकामं ठेवलं की पोर्टल लाल रेघ दाखवून परत पहिल्या पानावर, आणि भरलेलं सगळं पुसलेलं.

मी सविस्तर मेल लिहिली, आमची पद्धत समजावून सांगितली. उत्तर आलं, ‘कृपया त्रुटींची पूर्तता करावी.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच वाक्य. फोन केला तर म्हणे ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा आराखडा, जोडा. आम्ही कामांची वर्तुळं काढून पाठवली. ‘हा ऑर्ग चार्ट नाही’, असा शेरा मारून परत. इकडे काम सुरू होऊन बसलेलं आणि बिल अडकलेलं, कारण रजिस्ट्रेशन झाल्यावर मिळणारा व्हेंडर कोड नाही तर बिल नाही. ‘खोटी नावं टाका ना, कोण बघतंय’ असं आमच्यातल्याच दोघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. ज्याला कागदावर हेड केलं, त्याला ग्राहक हेड समजूनच फोन करणार, आणि सहा महिन्यांत तो हेड होऊनही बसणार.

ऑर्ग चार्ट ही चीज साधारण १८५५ ची. न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचा पसारा आवरेना, तेव्हा डॅनियल मॅकॅलमने तो कागदावर मांडून घेतला. गंमत अशी की त्यात संचालक मंडळ खाली मुळाशी आहे आणि रेल्वेचे फाटे फांद्यांसारखे वर पसरलेत. हे पर्चेसच्या माणसाला कळवायचा मोह फार झाला होता. आवरला.

गाठ सुटली ती पर्चेसमुळे नाही. आमचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरणाऱ्या विभागातल्या एक बाई फोनवर म्हणाल्या, “अहो, तुमचा साहेब कोण याच्याशी आम्हाला काय करायचंय? रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन कुणी उचलायचा, आणि त्याने नाही उचलला तर कुणी, एवढं लिहून द्या.” हे मला आधी कुणी का सांगितलं नाही!

त्याच संध्याकाळी आम्ही एक पान तयार केलं. डावीकडे माणसं नाहीत, प्रसंग: सिस्टीम बंद, बिलाचा वाद, काम लांबणं, माहिती फुटणं, करारात बदल. प्रत्येकासमोर एक नाव, त्याच्या गैरहजेरीत दुसरं, आणि किती रकमेपर्यंत तो कुणाला न विचारता हो म्हणू शकतो. पोर्टलवर लेव्हल वनला त्या कामाचा जबाबदार, टूला त्याचा पर्यायी माणूस, थ्रीला कायद्याने डायरेक्टर असलेली मी. डेजिग्नेशन यादीतलं जवळात जवळचं निवडलं आणि ‘हे फक्त संपर्काचा क्रम दाखवतं’ असं पत्र जोडलं. ‘रिपोर्टिंग टू’मध्ये ‘संचालक मंडळ’. घेतलं! ज्या फॉर्मसाठी एवढी डोकेफोड, तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी मंजूर.

यातून एक नक्की सांगते. आत कितीही समानता असू द्या, बाहेर सही करायला माणूस लागतोच. गोर-टेक्स कापड बनवणारी अमेरिकेतली डब्ल्यू. एल. गोर ही १९५८ साली निघालेली कंपनी उतरंडीऐवजी जाळीसारख्या रचनेवर चालते, तरी तिला सीईओ आहे. सहीचा अधिकार कुणाला आणि कितीपर्यंत, याचा बोर्डाचा ठराव पहिल्याच महिन्यात करून ठेवा. बँकेतही तोच लागतो.

आणखी आठवलं ते. ‘सगळ्यांना पटलं पाहिजे’ हा नियम चुकूनही करू नका, बैठका संपत नाहीत. ‘यातून आपलं नुकसान होईल असं कुणाला वाटतं का, आणि कशामुळे?’ एवढंच विचारा. गेरार्ड एंडेनबर्ग यांनी नेदरलँड्समध्ये आपल्या विद्युत कंपनीत सोशिओक्रसी ही संमतीने निर्णय घ्यायची पद्धत उभी केली ती याच पायावर. सकारण हरकत नसेल तर पुढे जायचं.

पगार कोण ठरवणार हे मात्र पहिला माणूस घेण्याआधी लिहून काढा. लिहिलं नाही तर ते संस्थापकच ठरवतात, आणि मग मॅनेजर नाहीत म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. आमच्याकडे तिघांची समिती आहे, दरवर्षी एक जण बदलतो, आणि कुणाला किती हे सगळ्यांना दिसतं. मोठ्या कंपनीतून आलेल्यांना याचा सुरुवातीला संकोच वाटतो. प्रमोशन कसं होणार, हेही ते मुलाखतीतच विचारतात. होणार नाही, असं तिथेच स्पष्ट सांगा.

ते पान आता दर तिमाहीला बदलतं, आणि नवीन आलेल्याला आम्ही आधी तेच देतो. पोर्टलचं वार्षिक नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. या वेळी भरलेलं सगळं आधी वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवलंय.