चढले मी, रडवलं उतरणीनं

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या वाड्यात समोरच राहणाऱ्या बा दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर पालिताण्याला, जैनांच्या तीर्थाला जातात. चातुर्मासात तिथल्या शत्रुंजय डोंगराची यात्रा बंद असते, ती पौर्णिमेला उघडते. या वेळी त्यांच्या सुनेला जमेना, तेव्हा बा मला म्हणाल्या, "तू चाल मारी साथे." बांनी ऐन तारुण्यात नव्वाणू केलेली, म्हणजे हा डोंगर नव्व्याण्णव वेळा चढून झालेला. मी आयुष्यात एकदा पावागड चढलेली, तोही अर्धा रोपवेनं.

निघायच्या आधी बांनी माझी पिशवी तपासली. चिवडा बाहेर, शेंगदाण्याचे लाडू बाहेर, चामड्याची पर्सही बाहेर. डोंगरावर खायचं नाही, ती आशातना, म्हणजे तीर्थाचा अवमान. पाणी तेवढं चालतं, तेही त्यांना उकळलेलंच. मला चहाशिवाय सकाळ उगवत नाही हे कोणापाशी बोलायची सोय नव्हती.

वटामण, धोलेरा, भावनगर करत संध्याकाळी धर्मशाळेत पोचलो. पहाटे तळेटीला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, बांचं चैत्यवंदन (देववंदना) होईपर्यंत मी भाड्यानं काठी घेतली. डोलीवाले मागे लागले होते. सत्तरीतल्या बांना सोडून ते माझ्याच मागे का लागले, ते सांगायला नको.

पायऱ्या साडेतीन हजारांहून जास्त, पण बुटक्या आणि रुंद. मधेमधे सपाट वाट येते, परबा म्हणजे पाणपोया आणि कुंड लागतात. पहिला तासभर मी बांना मागे टाकून चालले होते. मग हिंगळाजचा हडो आला. तिथल्या खड्या चढावर सगळे एकमेकांना ऐकवतात, "हिंगळाजनो हडो, केडे हाथ दई चडो." मी कमरेवर हात ठेवलाच होता, म्हण नंतर कळली. बा त्याच चालीनं आल्या, पुढे गेल्या आणि वरपर्यंत पुढेच राहिल्या.

हनुमानधारेपाशी वाट फुटते : एक नवटुंकेकडे, दुसरी दादांच्या, म्हणजे पहिले तीर्थंकर आदिश्वर यांच्या, टुंकेकडे. टुंक म्हणजे कोट घातलेला मंदिरांचा समूह. अशा नऊ टुंकांत मिळून शेकडो देरासरं, म्हणजे जैन मंदिरं आहेत. त्यातली मोतीशाची टुंक बांनी हातानं दाखवली. मुंबईच्या मोतीशा शेठनी दोन शिखरांमधली दरी भरून काढून तिच्यावर ती बांधली. मी खाली वाकून पाहिलं, भराव कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो ते ओळखू येईना.

रामपोळ, वाघणपोळ, हाथीपोळ, रतनपोळ. आम्हा बडोद्याच्या माणसांना पोळ म्हटलं की गल्लीच आठवते, इथे ती वेस. आत आदिश्वर दादा. देऊळ जुनंच, पण आजची मूर्ती करमाशा शेठनी केलेल्या 1531च्या जीर्णोद्धारातली. बा पूजेची वस्त्रं नेसून, तोंडाला रुमाल बांधून, केशराची वाटी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मी बाजूला बसले. दीड तास. मला वाटलं कंटाळा येईल, पण मागच्या रायणीच्या झाडाखाली दादांच्या पगल्यांपाशी, म्हणजे पाऊलखुणांपाशी, सावली होती, आणि समोर एक आजोबा फुलं एकेक करून, देठ खाली येईल अशी मांडत होते. वाकडं पडलेलं फूल ते उचलून पुन्हा ठेवत. त्यांचं तबक रिकामं होईपर्यंत मी तेच बघत बसले.

बाहेर पडल्यावर गावातल्या बायका मडक्यातलं घट्ट दही विकत होत्या. पोटात कावळे ओरडत होते. बांनी माझ्याकडे पाहिलं नाही, दह्याकडेही नाही. मी मडक्याकडे पाठ फिरवली. खरं सांगते, बा नसत्या तर दोन खाल्ली असती.

उतरताना मात्र वाट लागली. चढताना दम जातो, उतरताना गुडघे जातात, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. दगड तापायला लागलेले, मी पातळ मोज्यांवर. शेवटच्या पायऱ्या मी आडवी होऊन, एकेक पाय टेकत उतरले. तळेटीला यात्रेकरूंना भातुं देतात. लाडू, सेव, चहा. चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

घरी आल्यावर दोन दिवस वाड्याचा जिना कठड्याला धरून उलटी उतरत होते. तिसऱ्या दिवशी बांनी खालून हाक मारली, "फागण सुद तेरसे छ गाउ करवी छे ने?" फाल्गुन शुद्ध त्रयोदशीची छ गाउ म्हणजे सहा कोसांची डोंगरफेरी. मी वरूनच विचारलं, "बा, त्यात उतरण किती?"